कॅशियरचा भाऊ

सभागृहातलं भाषण सुरू झालं तेव्हा वहिनी आणि तिच्या लाँड्रीत कामाला असलेली मावशी हॉटेलच्या मोठ्या चादरीची घडी घालत होत्या. दोघींनी मिळूनच आवरायची चादर ती. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, एक झटका द्यायचा, पुढे यायचं, टोकाला टोक जुळवायचं, मागे जायचं. लाँड्रीत इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप चालायचे, त्यामुळे डोळे टीव्हीला लावायला मोकळे होते. टीव्ही वाफेच्या प्रेसच्या वर, फळीवर ठेवलेला. एरवी त्यावर दुपारभर मालिका चालायच्या. आज मात्र वहिनीनं सकाळीच बजावलं होतं, "आज कुणाची सासू नको न् कुणाची सून नको. आज आमचे भाऊजी बोलणार आहेत."

तिला सगळी गल्लीच वहिनी म्हणायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा धाकटा दीर शाळेत होता. तो "वहिनी, वहिनी" करत मागे फिरायचा, त्याचं ऐकून त्याचे मित्र म्हणू लागले, मित्रांचं ऐकून दुकानदार. आता तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा कपड्यांचं गाठोडं काउंटरवर ठेवून म्हणायची, "वहिनी, शनिवारपर्यंत होतील ना?" आणि ती मात्र त्या शाळकरी पोराला पहिल्या दिवसापासून "भाऊजी" आणि "अहो" म्हणत आली. सासूबाईंची तशी शिस्तच होती. नाक पुसता न येणाऱ्या पोराला अहोजाहो करताना तेव्हा तिला हसू यायचं. पुढे तो खासदार झाला आणि ते अहोजाहो शोभून दिसायला लागलं.

तो खासदार कसा झाला, हे गल्लीतल्या कुणालाही विचारा.

वहिनीचा नवरा कोपऱ्यावरच्या बँकेत कॅशियर होता. नोकरीची सगळी वर्षं त्यानं काचेमागच्या त्याच खुर्चीत काढली. त्याला नावानं ओळखणारे थोडे, तो कॅशियरच. अबोल माणूस, पण ज्याला त्याला खात्री होती की हा म्हणाला म्हणजे झालं. मग एका आठवड्यात बँकेतून पैसे मिळेनासे झाले. वरून निरोप आला, लोकांना सांगा, यंत्रणेत बिघाड आहे, उद्या या. त्यानं काचेमागून सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. लोक घरी गेले, कारण कॅशियर म्हणाला होता. त्याचाही त्या निरोपावर विश्वास होता. स्वतःचे पैसे, लाँड्रीचे पैसे, सगळे त्याच बँकेत होते. मग एका सकाळी शटर उघडलंच नाही. संचालकांनी आपापल्या मेव्हण्या-पाव्हण्यांच्या कंपन्यांना सगळी बँक वाटून टाकली होती, आणि ते जामिनावर बाहेर राहिले. गल्लीनं राग काढला तो हाताशी सापडलेल्या एकट्या माणसावर. "तुला माहीत होतं," लोक म्हणाले. "तुला माहीत होतं आणि तू उद्या या म्हणालास."

तो मागच्या खोलीत जाऊन बसला तो बसलाच. फिरायला जायचा बंद झाला, केस कापायला जायचा बंद झाला. वहिनी जेवणाचं ताट आत नेऊन द्यायची. वर्षभरानं एका सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा तो खुर्चीतच गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. 

धाकट्याची वकिली तेव्हा नावापुरतीच होती. पण त्याला बोलता यायचं. लाँड्रीच्या मागच्या बाजूला, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगांत, त्यानं आणि समोरच्या चष्मेवाल्यानं खातेदारांची पहिली बैठक घेतली. भावाची गोष्ट त्यानं तिथे पहिल्यांदा सांगितली. ज्यांनी कॅशियरला चोर म्हटलं होतं तीच माणसं ढसाढसा रडली. मग तो ती गोष्ट मैदानांत सांगू लागला, मग निवडणुकीत. वहिनी प्रत्येक सभेला व्यासपीठावर बसायची. एक शब्द न बोलता, मांडीवर हात ठेवून. तो निवडून आला, आणि पहिल्याच वर्षी त्यानं खरोखरच कायदा करून घेतला. संचालकानं आपल्या नातेवाइकांना कर्ज द्यायचं नाही. तपासनीस कधीही, न सांगता, बँकेत शिरणार. पेपरवाल्यांनी त्याला नावच दिलं, "कॅशियरचा कायदा". त्या दिवशी वहिनी मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या खुर्चीसमोर बराच वेळ बसली होती आणि बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं होतं.

आता तोच कायदा सैल करायचं विधेयक आलं होतं. मोठ्या बँकांना कायदा जसाच्या तसा. मधल्या आणि लहान बँकांना मोकळीक. बुडाली ती बँक लहानच होती. पण वहिनीला काळजी नव्हती. गेल्याच रविवारी धाकटा आईला भेटायला आला होता आणि दारात बूट घालता घालता म्हणाला होता, "वहिनी, मी आहे ना."

टीव्हीवर तो उभा राहिला. राखाडी कोट, कडक कॉलर. कॉलर इथलीच, मावशीच्या हातची.

"माझा भाऊ कॅशियर होता," त्यानं सुरुवात केली.

मावशीनं एका हातानं डोळे पुसले. तिला ती गोष्ट पाठ होती, तरी प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी यायचंच. काच, रांग, उद्या या, मागची खोली. सभागृह चिडीचूप झालं होतं. वहिनीनं चादर छातीशी धरली होती.

"पण दुःखातून केलेला कायदा नेहमीच शहाणा असतो असं नाही," धाकटा डोळे पुसत म्हणाला. "आज लहान बँकांचा श्वास कोंडतो आहे. प्रामाणिक माणसाला चोरासारखं वागवलं जातं आहे. माझ्या भावालाही असंच वागवलं गेलं होतं. तो आज असता, तर त्यानं मला हेच सांगितलं असतं. म्हणून मी या विधेयकाच्या बाजूनं मत देणार आहे."

वहिनीच्या हातातली टोकं सुटली. ओली नसली तरी जड चादर ती; भसकन जमिनीवर आली.

"म्हणजे," मावशीनं विचारलं, "आपल्या बाजूनं की त्यांच्या?"

"त्यांच्या."

"पण रडला ना तो?"

"हो. रडला."

मतदान झालं. विधेयक थोडक्यात मंजूर झालं. टीव्हीवर बाजूनं मत देणाऱ्यांची नावं सरकत गेली, त्यात त्याचं होतं. वहिनीनं चादर उचलली, तिला लागलेली माती पाहिली आणि ती परत धुवायच्या ढिगात फेकली. मग तिनं फोन लावला. सचिवानं उचलला.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत, ताई."

"त्यांना सांगा, कॅशियरची बायको बोलत होती."

"निरोप देतो. विषय काय सांगू?"

"विषय त्यांना पाठ आहे," वहिनी म्हणाली आणि तिनं फोन आपटला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ते तिला आजवर नुसतं बोलायची रीत वाटायचं. त्या दिवशी तिला कळलं की ती आग खरंच पायातून वर येते, गुडघ्यांत थांबते, पोटात थांबते, आणि मग कानशिलांत येऊन बसते.

दुसऱ्या दिवशी गल्ली नेहमीसारखी उघडली, पण लाँड्रीत येणारा प्रत्येक जण थोडा वेगळा बोलला. कुणी जास्तच गोड, कुणी नुसतंच गाठोडं ठेवून गेलं. दुपारी चष्मेवाला आला. स्वच्छ, नीटनेटका म्हातारा. चष्मा विकणाऱ्याच्या नाकावरचा चष्मा मात्र कायम वाकडा. धाकट्याच्या पहिल्या निवडणुकीत त्यानं दुकान महिनाभर पोरीवर सोडून दारोदार प्रचार केला होता. त्यानं कोट काउंटरवर ठेवला, घडी केलेला, आणि कोटाकडे बघतच विचारलं, "वहिनी, तुम्हाला आधी माहीत होतं का?"

"मला?"

"नाही, म्हणजे घरातलीच माणसं तुम्ही. आम्ही तर तुमच्याकडे बघूनच मत दिलं. माझ्या बहिणीनं परत बाजारात शाखा उघडलेल्या त्या नव्या, लहान बँकेत पैसे ठेवले, का? तर आता कायदा आहे म्हणून. तिनं मला काल विचारलं, तर मी काय सांगू?"

काउंटरच्या या बाजूला वहिनी उभी होती, त्या बाजूला तो. तिच्या मनात आलं, नवऱ्यासमोरही काचेपलीकडे माणसं अशीच उभी राहिली असतील. त्यालाही असंच वाटलं असेल, की ओरडून सांगावं, अरे, मलाही तुमच्यासारखंच फसवलंय. आणि त्याच्या तोंडून ते निघालं नाही. त्यानं तोंड मिटलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला.

"मला माहीत नव्हतं," ती इतक्या जोरात म्हणाली, की आत प्रेस चालवणारी मावशी थांबली. "ऐकलंत? मला माहीत नव्हतं! आणि परत हा प्रश्न मला विचाराल तर तुमचा कोट भिजवून, न पिळता, तुमच्या तोंडावर मारीन."

चष्मेवाला दचकला. मग त्यानं चष्मा काढून पुसला. "हां," तो म्हणाला. "मग ठीक आहे. मग आपण दोघंही मूर्ख."

"मूर्ख आपण आहोतच. पण खोटारडे नाही."

रविवारी धाकटा आला. निरोपाला उत्तर नाही, फोन नाही. सरळ दारात, हातात आईसाठी फळांची पिशवी. सासूबाई बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांच्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग त्या खिडकीएवढं होतं, आणि त्या जगातला सण म्हणजे धाकट्याचा रविवार. त्यानं आईचे हात हातात घेतले, तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "वाळलास रे." तो वाळला नव्हता. मग तो आत स्वयंपाकघरात आला. वहिनी बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"रागावलात ना?" तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. म्हणूनच फोन नाही केला. म्हटलं, समोरासमोर बोलू."

"बोला."

तो बोलला. त्याला बोलता यायचंच. पक्षाचा आदेश होता. आदेश मोडला असता तर समितीतून काढलं असतं, आणि समितीत नसता तर विधेयक याहून वाईट झालं असतं. त्यानं आत बसून दोन कलमं वाचवली. मधल्या बँकांना कागदपत्रांचा इतका जाच होता की त्या शेतीला, दुकानांना, तुमच्यासारख्या लाँड्रीला कर्जच देईनात. वहिनी ऐकत होती. कलमांचं तिला सगळं कळत नव्हतं, आणि तिला कळत नाही हे त्याला कळत होतं. तो एकेक मुद्दा असा मांडत होता जसा शर्ट प्रेसवर पसरतात, एक सुरकुती राहू न देता. तिला त्यातल्या एकाही मुद्द्याचं उत्तर देता येईना, आणि तरी तिचा राग तसूभरही उतरेना. उलट वाढला.

"ती नवी बँक," तिनं विचारलं, "तिचं मुख्य कार्यालय आपल्याकडे येणार म्हणतात."

"दोनशे लोकांना काम मिळेल, वहिनी. हे वाईट आहे?"

"तिच्या अध्यक्षांबरोबर जेवलात?"

"खासदाराला सगळ्यांबरोबर जेवावं लागतं."

"तुमचा भाऊ वर्षभर एकटा जेवला. त्या भिंतीच्या पलीकडे. तेव्हा त्याच्याबरोबर किती वेळा जेवलात?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "तो माझाही भाऊ होता."

"होता. म्हणून विचारते."

"वहिनी, खरं सांगू? लोक विसरलेत. तुम्ही, मी आणि तो चष्मेवाला सोडलं तर कुणाच्या लक्षातही नाही ती बँक. लोकांना आता कर्ज हवंय, काम हवंय. मी लोकांबरोबर पुढे गेलो, एवढंच. दादाला समजलं असतं. दादा असता तर..."

वहिनीनं सुरी ओट्यावर ठेवली.

"बस. हे वाक्य पुरं करायचं नाहीस तू."

त्यानं चमकून पाहिलं. "तू" त्यानं तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं स्वतःही ऐकलं नव्हतं. पण एकदा निघाल्यावर ते परत आत जाईना.

"विसरले म्हणतोस? विसरले असते तर त्याची गोष्ट सांगून तुला मतं कशी मिळतात अजून? तू विसरू देतोस होय कुणाला? जिथे जातोस तिथे त्याला बरोबर नेतोस, खुर्चीत बसवतोस, रडवतोस, आणि काम झालं की परत ठेवून देतोस. इथवर मी सोसलं. म्हटलं, चांगल्या कामासाठी आहे. पण ज्यांनी त्याला मारलं त्यांच्यासाठी तू त्याला साक्षीदार म्हणून उभा केलास! तो हेच म्हणाला असता म्हणे. तुला काय माहीत तो काय म्हणाला असता? तो काही म्हणतच नव्हता. वर्षभर मी त्याच्या दाराशी बसून वाट बघत होते तो काही म्हणेल म्हणून. मला नाही सांगितलं त्यानं, आणि तुला सांगितलं?"

"वहिनी, हळू. आई—"

"मत तुझं होतं, दे ना! पक्षाला भ्यालो म्हण. खुर्ची सोडवेना म्हण. शिव्या देऊन मी गप्प बसले असते. घराला राखण म्हणून ठेवलेला माणूसच चोराला दार उघडून देतो, आणि वर म्हणतो मालकाचीच तशी इच्छा होती! लाज वाटली नाही?"

बाहेरून चाकं कुरकुरली. सासूबाई खुर्ची लोटत दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घर काही एवढं मोठं नव्हतं.

"त्याला ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. आवाजात दरारा नव्हता, विनवणी होती. "एक गेला. आता हा एकच उरलाय."

 वहिनीनं सुरी उचलली आणि पुन्हा बटाटे सोलायला घेतले. धाकटा आईची खुर्ची मागे वळवून घेऊन गेला. जेवायला थांबला नाही. जाताना दारातून म्हणाला, "पुढच्या महिन्यात शाळेच्या सभागृहात सभा आहे, वहिनी. राग शांत झाला तर या. तुमची खुर्ची असेलच."

तिनं मनात म्हटलं, येते ना.

सभागृह भरलं होतं. धाकटा वर्षातून एकदा अशी सभा घ्यायचा. लोकांनी प्रश्न विचारायचे, त्यानं उत्तरं द्यायची. व्यासपीठावर त्याच्या शेजारची खुर्ची खरंच रिकामी ठेवलेली होती. वहिनी मावशीला घेऊन मधल्या रांगेत बसली. एका कार्यकर्त्यानं दोनदा येऊन विनंती केली, दोनदा ती म्हणाली, "इथून नीट दिसतं." दोन ओळी पुढे चष्मेवाला होता.

रस्त्याचा प्रश्न झाला, पाण्याचा झाला. मग वहिनीनं हात वर केला. माइक घेऊन फिरणारी मुलगी तिच्याकडे येईपर्यंत धाकट्यानं तिला पाहिलं होतं, आणि वहिनीनं तोंड उघडायच्या आत त्याचं सुरू झालं.

"अरे वा! ओळखलंत ना या कोण? माझ्या वहिनी. यांच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. माझा पहिला कोट यांनी इस्त्री करून दिला. आज यांना मला झापायचंय, आणि तो यांचा हक्क आहे!"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. बाया वळून वळून कौतुकानं पाहू लागल्या. वहिनी माइक धरून उभी होती आणि तिला कळत होतं, हा माझा राग असाच गोंजारून गोंजारून मऊ करणार, आणि मग लोकांना दाखवणार, बघा, आमच्या घरचं मांजर.  तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी वहिनी म्हणून आलेली नाही," ती म्हणाली. आवाज आधी चिरकला, मग सापडला. "खातेदार म्हणून आले आहे. टाळ्या वाजवू नका. साहेब, दोनच प्रश्न. नवीन कायद्यात लहान बँकेत तपासनीस येणार तो आधी कळवून येणार. खरं की खोटं?"

"वहिनी, ते इतकं सरळ..."

"खरं की खोटं?"

"खरं आहे, पण त्यामागे—"

"संचालकानं मेव्हण्याच्या कंपनीला कर्ज दिलं तर आता चालेल. खरं की खोटं?"

"मर्यादेत. एका ठरावीक मर्यादेत."

"म्हणजे खरं." सभागृहात कुजबुज सुरू झाली. "मग यावर तुम्ही हो म्हणालात, ते तुमचं तुम्ही म्हणालात. माझा नवरा म्हणाला नाही. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. आजपासून त्याचं नाव तुमच्या तोंडी नको. मी त्याची बायको सांगते आहे, सगळ्यांसमोर."

क्षणभर धाकट्याचा चेहरा उघडा पडला. त्यात लाजही होती आणि चीडही. वहिनीनं दोन्ही पाहिलं. मग त्यानं डोळ्यांना रुमाल लावला.

"दादाचा विषय निघाला की आम्हा सगळ्यांनाच असं होतं," तो म्हणाला. "वहिनी भावुक झाल्या आहेत, आपण समजून घेऊ. पुढचा प्रश्न."

माइकवाल्या मुलीनं वहिनीच्या हातातून माइक काढून घेतला. अगदी नम्रपणे, "थँक्यू हं, काकू" म्हणत. वहिनी तशीच उभी राहिली. भावुक! आयुष्यात ती इतकी शुद्धीवर कधी नव्हती. तिला वाटलं, आता बाकडं उचलून व्यासपीठावर फेकावं.

तेवढ्यात चष्मेवाला उठला. त्याला माइक लागला नाही. गिऱ्हाइकांना लांबची अक्षरं वाचायला लावून त्याचा आवाज खणखणीत झाला होता.

"तपासनीस आधी कळवून का येणार?"

"काका, हा प्रश्न झाला. पुढचा प्रश्न घ्या."

"पुढचा प्रश्न हाच आहे."

कुणीतरी हसलं. मग मागून एक बाई उठली, वहिनीच्या ओळखीचीही नव्हती, तिनं विचारलं, "चोराकडे जायच्या आधी पोलीस चिठ्ठी पाठवतात का?" मग एक तरुण दाढीवाला उठला. त्याला ती बँक आठवत असणं शक्य नव्हतं, पण त्याच्या बापाला आठवत होती. धाकटा दोन्ही हात वर करून म्हणत राहिला, एकेक, एकेक. प्रश्न एकच होता. कार्यकर्त्यांनी सभा वेळेआधी आटोपली. तो मागच्या दारानं गेला. रिकामी खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

लगेच काही बदललं, असं नाही. कायदा सैल झाला तो सैलच राहिला. नव्या बँकेचं मुख्य कार्यालय आलं, काचेची इमारत उभी राहिली, तिथे काही पोरांना कामही मिळालं. त्यांतल्या काहींच्या गणवेशाला इस्त्री वहिनीच्याच लाँड्रीत होऊ लागली. ते शर्ट ती दुसऱ्या शर्टांसारखेच नीट करायची. शर्टांचा काय दोष? फक्त चष्मेवाल्यानं बहिणीला पैसे त्या बँकेतून काढायला लावले, आणि तो जिथे बसेल तिथे लोकांना विचारत राहिला, तुमचे कुठे आहेत?

धाकट्यानं मात्र भावाची गोष्ट सांगणं सोडलं. पुढच्या निवडणुकीत दोन-तीन ठिकाणी त्यानं सुरुवात केली, "माझा भाऊ..." आणि गर्दीतून आवाज आला, "वहिनींना विचारलं का?" मग त्यानं नाद सोडला. वहिनीला हे मावशीनं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि प्रेसचं झाकण असं आपटलं की वाफ छतापर्यंत गेली. निदान आपला नवरा तेवढा तिनं परत आणला होता.

मतदानाच्या दिवशी ती सासूबाईंना खुर्चीतून केंद्रावर घेऊन गेली. त्यांना जायचंच होतं, आणि नेणारं दुसरं कुणी नव्हतं. धाकट्याची माणसं गाडी घेऊन आली होती, सासूबाई म्हणाल्या, "मी सुनेबरोबर जाते." परतताना फुटपाथ चढवायला वहिनीनं खुर्ची मागे कलती केली, तेव्हा म्हातारी आभाळाकडे बघत म्हणाली, "मी त्यालाच दिलं हो. आई आहे मी."

"मला ठाऊक आहे."

"तू नाही दिलंस."

"नाही."

 खुर्चीचं एक चाक खडखडत होतं. मग सासूबाई म्हणाल्या, "त्या रविवारी तुला गप्प केलं मी. थोरल्यालाही लहानपणी मी असंच गप्प करायचे. भांडू नको, बोलू नको, सोस. त्याला सवयच लागली." आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

वहिनीच्या हातांत खुर्चीची मूठ होती, आणि त्या क्षणी तिला त्या म्हातारीचाही राग आला, मेलेल्या नवऱ्याचाही आला, न बोलता गेल्याबद्दल. पण तिनं खुर्ची हळूच वर घेतली, धक्का बसू दिला नाही.

धाकटा निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. निकालाच्या संध्याकाळी तो आईच्या पाया पडायला घरी आला तेव्हा वहिनी लाँड्रीत होती. मावशी निरोप घेऊन आत आली. "भाऊजी आलेत. विचारतायत, वहिनींचा राग गेला का?"

"राग म्हणजे काय पाहुणा आहे, चार दिवस राहून जायला?" वहिनी म्हणाली. "त्यांना म्हणावं, चहा ओट्यावर झाकून ठेवलाय. आईंबरोबर बसून घ्या. आणि जाताना दार नीट लावून घ्या."

"'घ्या' म्हणू की 'घे'?" मावशीनं मिश्कीलपणे विचारलं.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग हॉटेलच्या ढिगातली पुढची चादर ओढली आणि दोन टोकं तिच्या हातात दिली.

"'घे' म्हण," ती म्हणाली. "धर इकडून."